लेस्टरने आपल्या मालकासाठी दुखवटा का पाळला, आणि कसा

इंग्लंडमध्ये फुटबॉल क्लबचा मालक हा बहुतेक वेळा शिव्या खाण्यापुरताच असतो. तिकीट महागलं, लाडका खेळाडू विकला, स्टेडियमला कंपनीचं नाव दिलं, की स्टँडमधून 'बोर्डाला हाकला'च्या घोषणा ठरलेल्या. त्यात मालक परदेशी आणि अब्जाधीश असेल तर संशय आणखी दुप्पट. त्याच देशात 28 ऑक्टोबर 2018 च्या सकाळी लेस्टर शहरातल्या स्टेडियमबाहेर लोक फुलं, मफलर आणि जर्सी ठेवायला लागले होते. रात्री कोसळलेल्या हेलिकॉप्टरमध्ये कोण होतं, हे अजून कुणीच अधिकृतपणे सांगितलेलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. घरचा सामना संपला की मैदानाच्या मध्यवर्तुळातून उडणारं ते हेलिकॉप्टर कुणाचं, हे शहरातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

मालकाचं नाव विचाई श्रीवद्धनप्रभा. मराठी माणसाला हे नाव जड वाटायचं कारण नाही. 'विचाई' म्हणजे आपला 'विजय', आणि आडनावात 'श्रीवर्धन' आणि 'प्रभा' हे दोन्ही शब्द सरळ दिसतात. हे आडनाव थायलंडच्या राजाने कुटुंबाला बहाल केलेलं. चाहते त्यांना 'खुन विचाई' म्हणत. 'खुन' हा थाई भाषेतला आदराचा शब्द. आपण नावामागे 'राव' किंवा 'ताई' लावतो तसा तो नावापुढे लागतो. विमानतळांवरच्या करमुक्त दुकानांची 'किंग पॉवर' ही त्यांची कंपनी.

नेमकं काय तुटलं

आदल्या दिवशी, 27 ऑक्टोबरच्या संध्याकाळी, लेस्टर सिटी आणि वेस्ट हॅम यांचा सामना 1-1 असा बरोबरीत सुटला. रात्री 8.37 च्या सुमारास एडब्ल्यू-169 जातीचं हेलिकॉप्टर मैदानातून उठलं. आत पाच जण होते: विचाई, त्यांच्याकडे काम करणारे दोघे, वैमानिक आणि त्याची जोडीदार, जी स्वतःही वैमानिक होती. स्टँडच्या वर चढून हेलिकॉप्टर पुढे झेपावणार, तेवढ्यात ते उजवीकडे गरगरू लागलं आणि जवळच्या मोकळ्या जागेत काँक्रीटच्या पायऱ्यांसारख्या कठड्यावर आदळलं.

हे का झालं ते समजायला हेलिकॉप्टरची शेपटी समजून घ्यावी लागते. डोक्यावरचा मोठा पंखा एका दिशेने फिरतो तेव्हा खालचं धूड उलट दिशेने फिरू पाहतं. चाकाच्या खुर्चीवर बसून हातातली जड पिशवी जोरात डावीकडे फिरवली की खुर्ची उजवीकडे वळते, तेच हे. धूड फिरू नये म्हणून शेपटीच्या टोकाला छोटा उभा पंखा असतो. तो शेपटीला आडवा रेटा देऊन ठेवतो. रेटा किती हवा हे उड्डाणात दर क्षणाला बदलतं, म्हणून वैमानिक पायाखालची पेडलं दाबून त्या छोट्या पंख्याच्या पात्यांचा कोन कमीजास्त करत राहतो.

पेडलापासून पात्यांपर्यंतचा शेवटचा टप्पा म्हणजे एक बारीक दांडा. हा दांडा स्वतः फिरत नाही, फक्त आत-बाहेर सरकतो. पण तो ज्या पात्यांना ढकलतो-ओढतो, ती मात्र भन्नाट वेगाने फिरत असतात. न फिरणारा दांडा आणि फिरणारा पंखा यांच्या सांध्यावर एक जोडबेअरिंग बसवलेलं असतं. ते बेअरिंग जाम झालं.

ब्रिटनच्या हवाई अपघात तपास विभागाने सप्टेंबर 2023 मध्ये, म्हणजे जवळपास पाच वर्षांनी, अंतिम अहवाल दिला. त्यातला घटनाक्रम एखाद्या मुरलेल्या मिस्त्रीला ऐकवला तर तो मान डोलवेल, कारण छोट्या यंत्रांतही असंच होतं. बेअरिंग जाम झाल्यावर जो दांडा फिरायलाच नको होता, तो पंख्याबरोबर फिरू लागला. त्याच्या दुसऱ्या टोकाला एक नट होता. फिरता फिरता घर्षणाने तो इतका तापला की शेजारच्या भागाला वेल्डिंग केल्यासारखा चिकटून बसला. आता नट अडकलेला आणि दांडा फिरतोय, म्हणजे दांडा नटातून आपोआप उलगडणारच. नटाला अडवणारी पिन तुटली आणि दांडा पेडलाच्या यंत्रणेपासून सुटला.

इथे आणखी एक घात झाला. पात्यांना ढकलण्याचं काम हायड्रॉलिक यंत्रणा करते, आणि 'पुरे, हवा तेवढा कोन झाला' हा निरोप तिला त्याच दांड्याच्या हालचालीतून परत मिळतो. दांडा सुटल्यावर निरोप बंद. थर्मोस्टॅट बिघडलेला गिझर पाणी तापवतच राहतो, तशी ही यंत्रणा पात्यांचा कोन बदलतच राहिली, अगदी शेवटच्या टोकापर्यंत. आता पेडल कितीही दाबलं तरी उपयोग नव्हता. त्या क्षणी हेलिकॉप्टर जमिनीपासून साधारण 430 फूट, म्हणजे सव्वाशे-तीस मीटर उंचीवर होतं. एवढ्या उंचीवर ना वेळ असतो, ना जागा. गिरकी कमी करून टेकताना बसणारा धक्का हलका करण्यासाठी जे करता येतं ते वैमानिकाने केलं, यात अहवालाला शंका नाही.

मग बेअरिंग जाम का झालं? त्यावर पडणारा आडवा दाब आणि वाकवणारा ताण त्याला सोसवेल त्यापेक्षा जास्त होता. अशा दाबाने छर्रे आणि त्यांची वाट यांच्यामधला ग्रीसचा थर पातळ होतो, पृष्ठभागाला बारीक तडे जातात, कपचे निघतात, आणि तेच कपचे पुढे वाट आणखी खराब करतात. खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. उड्डाण चाचण्यांत मोजलेले प्रत्यक्ष ताण हेलिकॉप्टर बनवणाऱ्या कंपनीने बेअरिंग बनवणाऱ्या कंपनीला परत कळवून ते बेअरिंग पुन्हा तपासून घ्यायला हवं होतं. ते झालं नाही. आणि हे नियमाला धरूनच होतं, कारण तसं करा असं सांगणारा नियमच नव्हता. म्हणून तपास विभागाने आठ शिफारशी केल्या त्या नियम बनवणाऱ्यांना उद्देशून. त्याआधीच, अपघातानंतर काही दिवसांत, जगभरातल्या एडब्ल्यू-169 आणि त्याच्या मोठ्या भावंडाच्या, एडब्ल्यू-189 च्या शेपट्या तपासण्याचे आदेश निघाले होते.

आदळल्यानंतरही पाचपैकी चार जण लगेच गेले नव्हते. हेलिकॉप्टर कुशीवर पडलं, इंधनाची टाकी फुटली आणि आग भडकली. धावत पोचलेल्या दोन पोलिसांनी काच फोडायचा प्रयत्न केला, पण आगीपुढे त्यांचं काही चाललं नाही. जानेवारी 2025 मध्ये लेस्टरमधल्या मृत्यूचौकशीत ज्युरीने 'अपघाती मृत्यू' असा निष्कर्ष दिला. कुटुंबाने हेलिकॉप्टर बनवणाऱ्या लिओनार्डो कंपनीवर 215 कोटी पौंडांचा दावा लावला आहे. कंपनीला तो मान्य नाही.

उसने पैसे आणि कायमचे पैसे

आता मूळ प्रश्न. याच मालकासाठी एवढं का?

सोपं उत्तर म्हणजे 2016 चं विजेतेपद. हंगामाच्या सुरुवातीला सट्टेबाजांनी लेस्टरला एकास पाच हजारचा भाव दिला होता, आणि मे महिन्यात 81 गुणांसह लेस्टर इंग्लंडचा विजेता ठरला. दुसरा आलेला आर्सेनल दहा गुणांनी मागे होता. पण निव्वळ चषकामुळे मालक लाडका होतो असं म्हणणं भाबडेपणाचं आहे. चषक जिंकूनही ज्यांचे पुतळे जाळले जातात असे मालक युरोपात पुष्कळ सापडतील.

खरं कारण हिशोबाच्या वहीत आहे, आणि ते समजायला लेस्टरचं 2002 साल आठवावं लागतं. त्या वर्षी नवं स्टेडियम उभं राहिलं आणि त्याच वर्षी क्लब कर्जात बुडून प्रशासकाच्या हाती गेला. लेस्टरच्याच मातीतला जुना खेळाडू गॅरी लिनेकर याने पुढाकार घेऊन लोक जमवले, तेव्हा क्लब वाचला. स्टेडियम मात्र सावकाराकडे, एका अमेरिकन पेन्शन फंडाकडे राहिलं. म्हणजे घरचा संघ भाड्याच्या घरात. 2008 मध्ये तर तो तिसऱ्या पायरीवरच्या विभागात घसरला.

2010 मध्ये विचाईंच्या गटाने 3 कोटी 90 लाख पौंडांना क्लब घेतला. मालक क्लबमध्ये पैसे 'ओततो' असं बातम्यांत येतं. पण बहुतेक वेळा तो ते उसने देत असतो. घरगुती उदाहरण घ्या. थोरल्या भावाने धाकट्याच्या दुकानात दहा लाख घातले. ते उसने असतील तर वहीत देणं म्हणून राहतात, आणि थोरला उद्या गेला तर त्याची मुलं ते मागायला येऊ शकतात. दुकान विकून द्यावे लागले तरी. तेच पैसे भागीदारी म्हणून घातले असतील तर कुणी परत मागू शकत नाही. फार तर आपला हिस्सा दुसऱ्या कुणाला विकता येईल, दुकान तसंच राहतं. 2013 मध्ये विचाईंनी क्लबला दिलेलं 10 कोटी 30 लाख पौंडांचं कर्ज असंच भागभांडवलात बदललं. त्याच वर्षी स्टेडियमही त्या फंडाकडून विकत घेतलं. ज्या चाहत्यांनी 2002 पाहिलं होतं त्यांना याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही.

गोड बाजू सांगितली तशी दुसरीही सांगायला हवी. दुसऱ्या विभागातून वर येताना, 2013-14 मध्ये, क्लबने खर्चाच्या मर्यादेचा नियम मोडल्याचा वाद होता. 2018 मध्ये 31 लाख पौंड भरून तो मिटवला. विजेतेपदानंतर नऊ महिन्यांत प्रशिक्षक क्लाउदिओ रानिएरी यांना काढलं, तेही कित्येकांना रुचलं नव्हतं.

बाकीचं सगळं लहानसहान गोष्टींत होतं. वाढदिवसाला प्रेक्षकांना फुकट बिअर. साठाव्या वाढदिवशी साठ जणांना हंगामाचं तिकीट. दर घरच्या सामन्याला खुर्चीवर ठेवलेले, वाजवायचे पुठ्ठ्याचे पंखे. बँकॉकहून येऊन मैदानावर आणि खेळाडूंवर पाणी शिंपडणारे बौद्ध भिक्खू, ज्यांची आधी टिंगल झाली आणि चषकानंतर कुणी केली नाही. शहरातल्या मुलांच्या रुग्णालयाला 20 लाख पौंड. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दिसणं. कित्येक परदेशी मालक वर्षातून दोनदा येतात. हा माणूस सामन्याला यायचा, आणि जाताना सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वर उडायचा.

फुलांचं काय करायचं

दुखवटा आपोआप होत नाही. पहिली पंचाईत असते नाव जाहीर करण्याची. आगीत सापडलेल्यांची ओळख पटवणं, सगळ्या घरांना आधी कळवणं, यात वेळ जातो. लेस्टर सिटीने विचाईंच्या मृत्यूची बातमी दिली ती रविवारी रात्री, अपघाताला दिवस उलटून गेल्यावर. तोवर क्लब गप्प का, म्हणून बाहेरचे लोक चिडतात. पण एखाद्या आईला मुलाचं नाव टीव्हीवरून कळू नये, एवढ्यासाठीच ही चुप्पी असते. सोमवारी पत्नी आणि मुलगा ऐयावत यांनी मध्यवर्तुळात पुष्पचक्र ठेवलं. मंगळवारी शोकसंदेशाची वही उघडली, लांबच्यांसाठी इंटरनेटवरही. त्याच दिवशीचा साउथॅम्प्टनविरुद्धचा चषक सामना पुढे ढकलला गेला.

भिंतीशी साठलेल्या वस्तूंमध्ये मफलर होते, थाई प्रार्थना होत्या आणि गणपतीचं चित्रही होतं. लेस्टर माहीत असलेल्याला त्यात नवल नाही. युगांडातून 1972 मध्ये हाकललेली गुजराती कुटुंबं मोठ्या संख्येने इथे येऊन वसली, 2021 च्या जनगणनेनुसार इथला दर तिसरा माणूस भारतीय वंशाचा, आणि 2018 चं लक्ष्मीपूजन अपघाताच्या दिवसापासून अवघ्या अकरा दिवसांवर आलं होतं.

अशा ढिगाचं पुढे काय करायचं हा प्रश्न ब्रिटनमध्ये दर मोठ्या दुखवट्यानंतर येतो. फुलं कुजतात, आणि दुकानातल्या गुच्छांना पारदर्शक प्लास्टिक गुंडाळलेलं असतं. पावसात त्या प्लास्टिकच्या आत फुलांचा चिखल होतो, माश्या येतात. म्हणून आधी प्लास्टिक, रबर आणि कार्डं हाताने वेगळी काढायची, कार्डं वाळवून जपायची, मफलर-जर्सी वेगळ्या ठेवायच्या आणि फुलांचं खत करायचं. 1997 मध्ये राजकन्या डायनाच्या वेळी लंडनमध्ये हेच केलं. आपल्याकडे गणेशोत्सवात निर्माल्य कलशाशी उभे राहणारे कार्यकर्ते हार सोडवून दोरा आणि थर्माकोल बाजूला काढतात ना, तेच काम. फरक एवढाच की इथे वस्तूंचं काय करायचं हे उचलण्यापूर्वी लोकांना सांगावं लागतं. न सांगता रातोरात जागा साफ केली, तर 'आमचं दुःख कचऱ्यात टाकलं' असा बोभाटा होतो.

पुढचा सामना खेळायचा की नाही, हेही ठरवावं लागतं. लेस्टरचे खेळाडू 3 नोव्हेंबरला कार्डिफमध्ये खेळले आणि 1-0 जिंकले. गोल डेमराय ग्रेचा. गोल झाल्यावर त्याने जर्सी काढली. आतल्या शर्टावर 'खुन विचाईंसाठी' असं लिहिलेलं होतं. पंचांनी त्याला पिवळं कार्ड दाखवलं आणि बऱ्याच लोकांनी पंचांना निर्दय ठरवलं. तो राग चुकीच्या माणसावर होता. गोलच्या आनंदात जर्सी काढली तर ताकीद द्यायचीच, असं खेळाच्या बाराव्या नियमात लिहिलं आहे. कारण पाहण्याची मुभा पंचांना नाही. ग्रेलाही हे माहीत होतं. त्याने किंमत मोजून केलं. तिथून संघ थेट बँकॉकच्या विमानात बसला.

बँकॉकला विधी सुरूच होते. थाई बौद्ध रिवाजात आधी पार्थिवाच्या हातावर पाणी घालतात. कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा असावी, असा त्यामागचा भाव. इथे ते पाणी राजाकडून आलं होतं, जो तिथे मोठा मान आहे. मग वट थेपसिरीन मंदिरात रोज प्रार्थना, सात दिवस. दहन लगेच झालं नाही, कारण मान्यवरांच्या बाबतीत तिथे दहन पुष्कळ नंतर होतं. चोवीस तासांच्या आत सगळं उरकणाऱ्या आपल्या माणसांना हे चमत्कारिक वाटेल.

घरचा पहिला सामना 10 नोव्हेंबरला, बर्नलीशी. शहराच्या मध्यापासून स्टेडियमपर्यंत हजारो लोक चालत गेले. या पदयात्रेला नाव दिलं होतं 5000-1, सट्टेबाजांचा तोच भाव. प्रत्येक खुर्चीवर मफलर आणि बिल्ला ठेवलेला. रानिएरी आले होते, ज्यांना याच मालकाने काढलं होतं. दोन मिनिटांची शांतता पाळली. पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीची शताब्दी दुसऱ्याच दिवशी होती, त्यामुळे दोन्ही स्मरणं एकत्र आली. ही शांतता दिसते तितकी सोपी नसते. पंचांच्या शिट्टीने सुरू आणि शिट्टीनेच संपते, पण तीसेक हजारांत एखादा दारू प्यालेला ओरडला की दुसऱ्या स्टँडमधून त्याला शिव्या सुरू होतात आणि सगळंच विस्कटतं. म्हणून अलीकडे काही क्लब शांततेऐवजी मिनिटभर टाळ्यांचा गजर पसंत करतात. टाळ्यांत आगाऊ आवाज बुडतो. लेस्टरमध्ये त्या दिवशी टाळ्यांच्या आडोशाची गरज पडली नाही. सामना मात्र 0-0, आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणा.

क्लब दुसऱ्या दिवशी कुणाचा होता

चाहत्यांच्या रडण्यात एक भीतीही मिसळलेली असते, ती सहसा कुणी बोलत नाही. मालक गेला, आता पगार कोण देणार? कायद्याच्या नजरेत क्लब ही कंपनी. खेळाडूंचे करार कंपनीशी, मालकाशी नव्हे. संचालक मंडळ तसंच राहतं, सह्या करणारे हात तसेच राहतात. बदलतात ते शेअर, आणि ते वारसांकडे जाताना दोन ठिकाणी घोडं अडू शकतं. एक म्हणजे घरातलं भांडण. दुसरं म्हणजे लीगची मालक-संचालक चाचणी. ठरावीक हिश्शाच्या वर जो जाईल (तेव्हा 30 टक्के, आता 25) त्याच्यावर गुन्हे, दिवाळखोरी वगैरे नाहीत ना, हे लीग तपासते. लेस्टरला दोन्ही अडचणी आल्या नाहीत, कारण ऐयावत आधीपासून क्लबचे उपाध्यक्ष आणि संचालक होते आणि चाहत्यांच्या ओळखीचेही होते. शिवाय जुनं कर्ज वहीत नव्हतंच.

22 ऑक्टोबर 1996 रोजी चेल्सीचे उपाध्यक्ष मॅथ्यू हार्डिंग बोल्टनचा सामना पाहून परतताना हेलिकॉप्टर अपघातातच गेले. त्यांच्या नावाचा स्टँड चेल्सीच्या मैदानात आजही आहे. लेस्टरमध्ये अपघाताच्या जागी पहिल्या वर्षश्राद्धाला स्मृतिबाग खुली झाली, आणि 4 एप्रिल 2022 ला, विचाईंच्या जन्मदिवशी, स्टेडियमबाहेर पुतळा उभा राहिला. मधल्या काळात, मे 2021 मध्ये, लेस्टरने चेल्सीला 1-0 हरवून इतिहासात पहिल्यांदा एफ ए कप जिंकला आणि खेळाडूंनी ऐयावत यांना ओढून मैदानात आणलं.

2023 च्या सुरुवातीला ऐयावत यांनीही वडिलांसारखंच आणखी 19 कोटी 40 लाख पौंडांचं कर्ज भागभांडवलात बदललं. त्याच हंगामात संघ खालच्या विभागात गेला, 2024 मध्ये वर आला, 2025 मध्ये परत खाली. आता त्याच स्टेडियममध्ये 'बोर्डाला हाकला' ऐकू येतं.